अदमासे एक वाटी

'चवीपुरते मीठ' हा मराठी भाषेतला सर्वांत बेजबाबदार शब्दप्रयोग आहे, असे माझे, म्हणजे एका वाणिज्य पदवीधराचे, नम्र मत आहे. कोणाच्या चवीपुरते? लिहिणाऱ्याच्या, करणारणीच्या की खाणाऱ्याच्या? बँकेत एखाद्या खातेदाराने पैसे काढायच्या स्लिपवर रकमेच्या जागी 'खर्चापुरते' असे लिहून दिले, तर आमचा कॅशियर त्याला पाणी पाजून घरी पाठवील. स्वयंपाकघर नावाच्या शाखेत मात्र हा व्यवहार राजरोस चालतो. 'अदमासे', 'बेताचे', 'जरासे', 'मूठ-दोन मुठी', 'लागेल तसे' ही तिथली चलने. आणि कमाल अशी, की ह्या चलनावर तिथला हिशेब रोज सकाळ-संध्याकाळ जुळतो!

ह्या विषयात मी लक्ष घातले ते आमच्या भाचीमुळे. ती पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली. विमान कंपनीने तिला २३ किलोंची एक बॅग मंजूर केली आणि ह्या २३ किलोंत महाराष्ट्र कसा बसवावा, हे ठरवण्यासाठी आमच्या डोंबिवलीच्या घरी एका रविवारी दुपारी परिषद भरली. अध्यक्षस्थानी आत्या. वय ८४, स्वयंपाकाचा अनुभव सुमारे ७० वर्षे, वाचलेली पाककृतींची पुस्तके शून्य. तिच्या उजव्या हाताला आई, पक्ष 'रुचिरा'. डाव्या हाताला आमची ही. हिच्या माहेरी मंगला बर्वे ह्यांचे 'अन्नपूर्णा' चालते, त्यामुळे सासू-सुनेतल्या मतभेदाला आमच्याकडे ग्रंथांचा आधार आहे. समोर शेजारच्या वहिनी. त्या पाठारे प्रभू. वहिनींच्या आजीकडे 'गृहिणीमित्र' होते, ही गोष्ट त्या लोक कुलदैवत सांगतात तशी सांगतात. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणजे ऐकत होतो.

"एकच पुस्तक मावेल," भाची म्हणाली. "कुठलं नेऊ?"

"रुचिरा," आई म्हणाली.

"आई, तुमचं रुचिरा जाडजूड आहे. विमान उडायचं नाही," ही म्हणाली.

"पुस्तक कशाला?" आत्या म्हणाली. "हात नेते आहेस ना बरोबर?"

आत्याचा हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. मी तो मनावर घेतला आणि पुढचे दोन-तीन महिने, आमच्या ग्रंथालयाची वर्गणी प्रथमच वसूल होईल इतके, ह्या विषयावरचे वाचन केले. त्यातून निघालेला पहिला निष्कर्ष असा, की ज्यांना स्वयंपाक येत होता त्यांनी तो लिहिला नाही, आणि ज्यांनी लिहिला त्यांना चुलीपाशी बसायची सक्ती नव्हती.

आता पाहा. आपल्या मुलखातला खाण्यावर सविस्तर लिहिणारा एक जुना लेखक म्हणजे चक्क राजा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. हे कल्याणी म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या पुढचे स्टेशन नव्हे, तर बिदरजवळचे आजचे बसवकल्याण. सोमेश्वराने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, संगीत आहे आणि 'अन्नभोग' नावाचे एक प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, पोळ्या आहेत, घारगे आणि वडे ह्यांचे पूर्वज आहेत, इडली-डोशांचे पणजोबाही भेटतात. शेतातले उंदीर कसे शिजवावेत, हेही आहे. हा भाग मी परिषदेत वाचून दाखवला नाही, कारण समोर थालीपीठ होते.

ह्याच ग्रंथात संगीताच्या प्रकरणात राजा एक नोंद करतो, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे कांडणाऱ्या बायकांचा आवाज राजाच्या कानावर गेला होता. त्यांचे गाणे त्याने टिपून ठेवले. काय कांडता, किती कांडता आणि त्याचे पुढे काय करता, हे मात्र त्यांना विचारल्याचे दिसत नाही.

पुढे १७ व्या शतकात रघुनाथ नावाचे एक मराठी पंडित झाले. तंजावरला मराठ्यांचे राज्य झाल्यावर ते त्या दरबाराच्या आश्रयाला गेले आणि तिथे त्यांनी 'भोजनकुतूहल' लिहिले. नावातच लेखकाची भूमिका स्पष्ट आहे. कुतूहल! भोजनाविषयी कुतूहल वाटायला भोजन दुसऱ्याने करावे लागते. ह्या पंडितांनी जिलबीची कृती 'कुंडलिनी' ह्या नावाने दिली आहे. योगशास्त्रातली कुंडलिनी जागृत व्हायला जन्म जातो, ही अर्ध्या तासात होते. त्याच तंजावरला दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ ह्या दरम्यान, मराठीत पाकशास्त्र लिहून घेतले गेले. ते 'शरभेंद्र पाकशास्त्र' ह्या नावाने ओळखले जाते. राजे विद्वान, इंग्रजांशी ऊठबस, त्यामुळे त्यात इंग्रजी पद्धतीचेही पदार्थ आले. तंजावरच्या राजवाड्यात मराठी भाषेत इंग्रजी खाणे लिहिले जात होते, तेव्हा पुण्यामुंबईच्या घरांतले साधे वरण अजून कागदावर यायचे होते.

ते आले १८७५ साली. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीत छापलेले पाककृतींचे पहिले पुस्तक मानतात. मी हे नाव घेतल्याबरोबर ही म्हणाली, "दीडशे वर्षांपूर्वी सूप पीत होते?" आत्याला वाटले, पाखडायचे सूप. पाखडण्याचे शास्त्र असले तर ते आपल्याला पूर्ण येते, असे तिचे म्हणणे. वास्तविक संस्कृतात सूप म्हणजे वरण, डाळीचे कालवण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. हॉटेलातले मक्याचे सूप आणि आमच्या घरातले गोडे वरण ह्यांचे नाव एकच निघावे, हा निव्वळ योगायोग आहे. बिलात मात्र तो दिसत नाही.

तात्पर्य काय, तर राजा, पंडित, पुन्हा राजा, मग गुप्ते. त्याच्याही मागे जायचे तर विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेला भीम आणि पाकशास्त्रात निपुण म्हणून गाजलेला नळराजा. सगळे पुरुष! घरात रोज दोन्ही वेळा चूल पेटवणारी बाई ह्या यादीत कुठे नाही. कारण तिला लिहायचे कारणच नव्हते. आत्याचाच हिशेब. हात बरोबर आहेत, सासू मागे उभी आहे, मग पुस्तक कशाला? सुनेने मीठ किती घालू म्हणून विचारायचे आणि सासूने "घाल बेताचं" म्हणायचे. ते चुकले की काय चुकले, हे सांगायला सासू दिवसभर मोकळी असे.

तेव्हा पाककृतीचे पुस्तक लागते कधी? विचारायला कोणी नसते तेव्हा.

बाईच्या नावाने आलेले गाजलेले पुस्तक म्हणजे वहिनींच्या आजीचे 'गृहिणीमित्र'. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे हे पुस्तक १९१०च्या सुमाराचे आणि त्यात मोजून एक हजार पाकक्रिया. हजार! धुरंधर पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईचे जुने रहिवासी. इंग्रजांशी संबंध लवकर आला, त्यामुळे ह्या लोकांच्या घरी भाजून करायच्या पदार्थांचे कौतुक पुष्कळ.

"आमचं भानोलं लिहून घे," वहिनी भाचीला म्हणाल्या. "कोबी आणि कोळंबी. तिकडे घरोघर ओव्हन असतो, तुला सोपं."

"आणि कोळंबी नाही मिळाली तर?" भाचीने विचारले.

"तर मग तो नुसता कोबी होतो," वहिनी इतक्या गंभीर आवाजात म्हणाल्या, की क्षणभर परिषदेने उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळावी असे मला वाटले.

त्यानंतर बायकांची मासिके आली. किर्लोस्करांचे 'स्त्री' १९३० साली निघाले. छापलेल्या कृती घरोघर जाऊ लागल्या, कात्रणे डब्यांच्या तळाशी जाऊन बसली. पण मापांचा घोळ तसाच होता. तो घोळ केवढा होता, हे आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाही. धान्य मोजायचे तर दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. हा झाला मापी शेर. वजनी शेर वेगळा. तो ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचे छटाक १६, आणि छटाकाचे तोळे ५. म्हणजे पुस्तकात नुसता 'एक शेर' आला, तर तो मापाचा की वजनाचा, हे आधी ठरवायचे आणि मग पदर खोचायचा.

मग सरकारला दया आली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. चार पैशांचा आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला आणि तो पाव नवा पैसा नेमका कोणाच्या खिशात गेला, ह्यावर दुकानादुकानांत वाद झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले आणि १९६२ पासून वजनांना त्यांची सक्ती झाली. आत्याचे लग्न नेमके मधले, १९६०चे. माहेरून ती शेर शिकून आली, वाण्याकडे अर्धे शेर नि अर्धे किलो चालू होते, आणि सासूबाईंचा विश्वास फक्त कोठीतल्या लाकडी मापट्यावर.

"मग तू काय केलंस?" मी विचारले.

"काय करायचंय? मूठ कुठे बदलली होती?" आत्या म्हणाली.

दशमान पद्धतीने आत्याच्या मुठीला हात लावला नाही, हे खरे. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका वस्तूने तो लावला. प्रेशर कुकर! प्रेस्टीज आणि हॉकिन्स हे दोन्ही कुकर आपल्याकडे १९५९ साली निघाले. इतिहासकारांनी ह्या घटनेकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. तोवर भात पातेल्यात उघडा शिजत असे. पाणी कमी वाटले, घाला आणखी. जास्त झाले, ओता, त्याची पेज प्या. झाकण काढायचे, एक शीत बोटांत दाबायचे आणि निकाल द्यायचा. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण त्यातूनच आली. कुकरने ही परीक्षाच बंद केली. एकदा शिटी चढली, की आत काय चालले आहे हे देवालाही दिसत नाही. पाणी काय घालायचे ते आधी ठरवा, मोजा आणि झाकण लावा. पातेल्याच्या राज्यात अदमास चालत होता, कारण चूक वाटेत दुरुस्त करता येत होती. कुकरच्या राज्यात माप लागू लागले.

बाजूने माणसेही हलत होती. नोकरी आली, बदली आली, चाळीतली दोन खोल्यांची बिऱ्हाडे आली. आईचे लग्न १९७६चे. वडील रेल्वेत. लग्नानंतर पंधराव्या दिवशी दोघे भुसावळला. आईचे माहेर पेणला, सासर साताऱ्याला. घरात फोन नाही. वरणाला फोडणी द्यायची की वरून घ्यायची, हे विचारायला आंतर्देशीय पत्र पाठवायचे आणि उत्तर येईपर्यंत आठ दिवस वरण थांबवायचे, हे काही शक्य नव्हते. लग्नात आलेल्या अहेरात तीन लेमन सेट, दोन भिंतीवरची घड्याळे आणि एक 'रुचिरा' होते. घड्याळे कधीच बंद पडली.

'रुचिरा' १९७०चे. कमलाबाई ओगले ह्यांचा जन्म १९१३ चा, सांगलीकडच्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंत. ह्या बाईंनी काय केले, तर राजेरजवाड्यांना, पंडितांना सुचले नाही ते केले. स्वयंपाक वाटी आणि चमच्यात मोजला. ग्रॅम नाहीत, छटाक नाहीत, निळवी-कोळवी नाहीत. घरात आहे ती वाटी घ्या आणि असेल तो चमचा घ्या.

अमेरिकेत हे काम फॅनी फार्मर नावाच्या बाईने १८९६ साली केले होते. कप आणि चमचा सपाट भरायचा, वरचा ढीग सुरीने कापून काढायचा, असा तिचा दंडक. तिच्या पुस्तकाबद्दल प्रकाशकाला इतका कमी विश्वास होता, की पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रतींच्या छपाईचा खर्च त्याने तिलाच द्यायला लावला. पुढे पुस्तक तुफान खपले आणि नफा अर्थातच खर्च करणाऱ्या बाईकडे गेला. आमच्या बँकेत कर्ज नाकारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर ह्या प्रकाशकाची तसबीर असावी, असे मला वाटते. पण फॅनीबाईंचा कप हा ठरलेल्या मापाचा कप. आपली वाटी तशी नाही. आमच्या घरात सात प्रकारच्या वाट्या आहेत आणि त्यांतल्या दोन कोणाकडून तरी परत करायच्या राहिलेल्या आहेत.

ह्याच मुद्द्यावर हिने कमलाबाईंवर तोफ डागली.

"वाटी म्हणजे नक्की केवढी? आमटीची, ताकाची की श्रीखंडाची? ह्याला काय माप म्हणायचं?"

इथे मला पेपर खाली ठेवून मध्ये पडावे लागले. कारण हा प्रश्न पाकशास्त्राचा नसून बँकिंगचा होता. मी म्हणालो, वाटी हे माप नाहीच. वाटी म्हणजे टक्केवारी. ठेव हजाराची असो की लाखाची, व्याजाचा दर तोच असतो. एक वाटी रवा, तर साखर किती वाट्या आणि दूध किती वाट्या, एवढेच महत्त्वाचे. वाटी तुमची लहान असेल तर शिरा थोडा होईल, पण तो शिराच होईल. कमलाबाईंनी लोकांना वजन सांगितले नाही, दर सांगितला. म्हणून भुसावळच्या वाटीला पुस्तक लागू पडले आणि उद्या जर्मनीतल्या वाडग्यालाही लागू पडेल.

परिषदेत दोन क्षण शांतता पसरली. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर नवऱ्याचे एखादे वाक्य बरोबर निघाले, तर ते पचायला एवढा वेळ लागतोच.

"पण मीठ?" भाची म्हणाली. "मिठाला तर सगळेच चवीपुरतं म्हणतात."

इथे माझी बोलती बंद झाली. मीठ हे टक्केवारीच्या बाहेरचे खाते आहे.

मग ठरले असे, की आत्याची चिंचगुळाची आमटी मोजून लिहून काढायची. ती आमटी कुठल्याच पुस्तकात नाही. आईने गेली अनेक वर्षे, आणि हिने गेली वीस वर्षे, ती करून पाहिली आहे. ती आमटी होते, आत्याची होत नाही. भाचीने डिजिटल काटा आणला. आत्या मुठीने घालणार, तिला आधी मोजून दिले तर तिचा हात अडणार. तेव्हा मी बँकेची रीत सुचवली. प्रत्येक बरणीची आरंभीची शिल्लक मांडायची, आमटी झाल्यावर अखेरची शिल्लक मांडायची, वजाबाकी म्हणजे खर्च. गोडा मसाला, गूळ, मीठ, चिंच, तूरडाळ अशी पाच खाती उघडली. सलग तीन दिवस आमटी केली. मीठ पहिल्या दिवशी ११ ग्रॅम गेले, दुसऱ्या दिवशी १४, तिसऱ्या दिवशी १०. गुळाचे आकडे तर दैनंदिन बाजारभावासारखे वरखाली. एकही रकाना जुळेना. आणि आमटी? तिन्ही दिवस हुबेहूब तीच. माझ्या नोकरीत मी आकडे जुळलेले आणि व्यवहार चुकलेले ताळेबंद पुष्कळ पाहिले. सगळे आकडे वेगळे आणि ताळेबंद अचूक, हे प्रथमच पाहिले.

"आत्याआजी, काल चौदा ग्रॅम घातलंस, आज दहा. असं का?" भाचीने वहीतून मान वर केली.

"कालची चिंच नवी होती. आजची जुनी आहे, काळी. गूळही आजचा खारट आहे."

"पण तू तर चाखलंसुद्धा नाहीस!"

"चाखून काय कळणार?" आत्या शांतपणे म्हणाली. "चव लागते कुठे मला आता? वासही येत नाही धड. चिंच कोळताना बोटाला कळतं. गूळ फोडताना कळतं."

आईच्या हातातले भांडे होते तसेच राहिले. "वन्सं, कधीपासून?"

"झाल्या की दोन दिवाळ्या."

दोन दिवाळ्या! म्हणजे गेल्या दोन वर्षांत आत्याने आमच्याकडे येऊन केलेली प्रत्येक आमटी, अनारशाचे प्रत्येक पीठ, तिने हातानेच केले होते. आम्ही भुरके मारत होतो आणि समोर बसून ती पाणी-पाणी खात होती. आई काही बोलली नाही. तिने काटा उचलून कपाटात ठेवला. भाचीने वहीत मिठापुढे काहीतरी खोडले आणि पुन्हा काहीतरी लिहिले. मी नंतर गुपचूप पाहिले. तिथे 'चवीपुरते' असे लिहिले होते.

त्यानंतर परिषदेचा विषय आपोआपच बदलला आणि कोणाला आजारपणात काय खावेसे वाटते, ह्यावर गाडी आली. भाची त्याला 'कम्फर्ट फूड' म्हणते. आपल्याकडे त्याला स्वतंत्र शब्द नाही, कारण ते मागायचे नसते, ते पुढ्यात येते. वहिनी म्हणाल्या, त्यांना खिचडी आणि भाजलेला पापड. हिने वरणफळांचे नाव काढले. हिची आई नागपूरची, त्यामुळे पाठोपाठ गोळाभातही आला. आईला पेणची आठवण झाली, पेज आणि लोणच्यातली कैरी. मला विचारले असते तर मी पिठले-भात म्हणालो असतो, पण मला कोणी विचारले नाही. मग मऊ भातावर एकमत झाले. आणि एकमत झाल्याबरोबर भांडण सुरू झाले. मऊ भात की गुरगुट्या? आसट म्हणजे तोच का? मुगाची डाळ घातली की त्याला आटवल म्हणायचे की नाही? मेतकूट भातात कालवायचे की वर भुरभुरवायचे? तूप आधी की मेतकूट आधी? राजा सोमेश्वराला ह्यातले काही माहीत नसावे. राजाला ताप आला तर राजवैद्य येतो, त्यामुळे मऊ भाताची परंपरा राजवाड्यात वाढली नसावी, असा माझा अंदाज आहे.

बॅगेचे वजन शेवटी २३ किलो ४०० ग्रॅम भरले. 'रुचिरा' आत होते. आईची भुसावळची प्रत. पुरणपोळीच्या पानावर हळदीचे बोट, कडबोळ्यांच्या पानावर तेलाचा नकाशा, आणि समासात पेन्सिलीने ठिकठिकाणी वडिलांच्या आवडीनिवडी. 'गूळ कमी. ह्यांना चालत नाही.' 'दुप्पट केले तरी पुरले नाही.' हिने 'अन्नपूर्णा'तल्या हव्या त्या पानांचे फोटो काढून भाचीच्या फोनमध्ये भरले, त्यांना वजन नसते. वहिनींनी परभी सांबाराची पुडी दिली. ४०० ग्रॅमसाठी जाडे पुस्तक काढायचे की मेतकूट, असा प्रश्न आला, तेव्हा भाचीने एक स्वेटर काढला. जर्मनीत नोव्हेंबरमध्ये काय होते, हे तिला तोवर कोणी सांगितलेले नव्हते.

ते तिला नोव्हेंबरात कळले. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. आवाज बसलेला. पुस्तकात सगळे आहे, पण मला आत्ता मऊ भात हवा आहे, आत्याआजी जागी आहे का? आत्या नेमकी आमच्याकडेच होती. वयामुळे रात्रीची झोप तिला नाहीच. मी फोन तिच्या कानाशी धरला.

"आत्याआजी, मऊ भाताला पाणी किती वाट्या घालू?"

"आधी मला सांग," आत्या म्हणाली, "ताप आहे, का नुसती घराची आठवण येते आहे?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना.

"ताप असेल तर एका वाटीला सहा वाट्या घाल," आत्या म्हणाली. "नुसती आठवण येत असेल तर चार पुरेत. आणि मीठ..."

"घालते बेताचं," भाची म्हणाली.